डॅशबोर्डवर ३० आकड्याचे दोन मीटर, यातला कंपनीचा कुठला?

गुऱ्हाळवाला_रहिमतपूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांची शेवरोलेट पिकअप हाय, ३१०० म्हणतात ती, १९५१ ची. गुळाच्या ढेपा कराडला न्यायला घेतली होती. आजोबा गेल्यावर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी लावली ती तिथंच, वर कडबा, आत कोंबड्या, गेली वीसेक वर्षं कुणी हातच लावला नव्हता. लॉकडाऊनपासून मनात होतं, शेवटी या दिवाळीत बाहेर ओढली, कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले, १२ व्होल्टची बॅटरी लावली आणि गड्यांनो चालू झाली की! आईनं ओवाळलं तिला.

आता मुद्दा. ड्रायव्हरसमोर एक गोल स्पीडोमीटर आणि एका गोलात चार छोटे मीटर, पेट्रोल, ॲम्पिअर, टेंपरेचर, ऑइल. ऑइलच्या मीटरवर शेवटचा आकडा ३०. शेतातल्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवली तर काटा १४ च्या आसपास, त्याच्या वर जाईच ना. आणि डॅशच्या खाली, डाव्या बाजूला, पट्टीवर लटकवलेला अजून एक सुटा गोल मीटर, काळी तबकडी, त्याच्यावरबी शेवटचा आकडा ३०. तो उभ्या गाडीत १७ दाखवतो आणि रेस दिली की खाली पडतो. म्हणजे दोन ऑइल मीटर? आणि दोघं वेगवेगळं कसं काय सांगतात?

साताऱ्याच्या एका गॅरेजवाल्यांना बोलवलं. ते म्हणाले ऑइल प्रेशर ४०-६० पौंड पायजे, १४ म्हणजे इंजिन संपलं, उतरवावं लागंल. खर्च ऐकून वडील चहा न पिता उठले. जाता जाता त्यांनी टेंपरेचर मीटरची "तुटकी वायर" म्हणून एक तांब्याची बारीक तार कटरनं तोडून टाकली, नवीन लावून देतो म्हणाले, ते काय परत आले नाहीत.

वर पुण्याहून एक पार्टी आलेली, गाडी नको म्हणाली, फक्त डॅशचा मीटरसेट आणि तो खालचा जादा मीटर द्या, "रेअर फॅक्टरी ऑप्शन हाय" म्हणून चांगले पैसे देतो म्हणाली. मला पैशाचा मोह नाय असं नाय. पण आधी कळू दे, तो जादा मीटर खरंच कंपनीनं बसवलेला असंल का, कसं ओळखायचं? आणि पेट्रोलचा काटा १२ व्होल्ट लावल्यापासून फुलच्याबी पलीकडं जाऊन बसलाय, टाकीत पाच लिटरच हाय.

सगळं_नवीन_बसवा

भावा एवढा विचार कशाला. जुने मीटर काढ, विकून टाक त्या पार्टीला. बाजारात इलेक्ट्रिक मीटरचा सेट मिळतो, ऑइल, टेंपरेचर, व्होल्ट, एका दुपारचं काम. वर ब्लूटूथ पण बसव. जुन्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन जॅम झालं तर कोण भरून देणार.

मिस्त्री_मिरज

वरच्या साहेबांचं ऐकू नको आणि त्या गॅरेजवाल्यांचं तर अजिबात नको. आधी गाडी बंद ठेव. का ते सांगतो. मी चाळीस वर्षं मीटर आणि पेट्रोल इंजिनं दोन्ही केली, आता डोळ्यानं जमत नाही पण बोलायला जमतं.

तुझ्या गाडीला २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन असणार. त्याच्या ऑइलच्या मीटरला शेवटचा आकडा ३०च असतो आणि रस्त्यावर चालताना काटा १४ च्या आसपास हेच त्याचं बरोबर प्रेशर. १४!! कंपनीनंच तेवढं ठेवलेलं. गाडी तापून उभी असली की अजून खाली येतो, घाबरायचं नाही.

कारण असं की त्या इंजिनात ऑइल दाबानं फक्त मेन बेरिंगला आणि कॅमच्या बेरिंगला जातं, रॉकरला थोडं. कनेक्टिंग रॉडच्या बिगएंडला, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या खालच्या टोकाला, दाबाचं ऑइल नाहीच. प्रत्येक कनेक्टिंगच्या टोकाला खाली एक छोटा चमचा असतो, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, त्याच्या खाली पन्हाळीसारखी वाटी, हळू चालताना तो चमचा वाटीतलं ऑइल उचलतो, आणि वेग वाढला की चेंबरमधल्या नळीतनं पिचकारी थेट त्या चमच्यावर बसते. विहिरीवरच्या रहाटासारखं समज. बिगएंडची बेरिंग पण आजच्यासारखी सुटी शेल नाहीत, व्हाइट मेटल म्हणजे मऊ धातू ओतलेली. त्यामुळं या इंजिनाला ४०-६० मागायचं म्हणजे बैलाला पेट्रोल पाजण्यासारखं आहे.

आता ६० आकड्याचा मीटर कुठं असतो? १९५४ पासून ट्रकला जे २३५ चं फुल प्रेशरचं इंजिन आलं त्याला. म्हणून जुनी शेवरोलेट बघायला गेलो की मी आधी मीटर बघतो मग बोनेट उघडतो. ५१ च्या डॅशवर ६० चा मीटर दिसला की समजायचं एक तर इंजिन बदललंय नाहीतर मीटर. तुझ्याकडं दोन्ही जुळतंय असं दिसतंय पण खात्री कर. टॅपेट कव्हर बघ, वरून मधोमध दोन नटांनी दाबलंय की कडेनं चार स्क्रूंनी? वरून दोन असतील तर जुन्या पद्धतीचं, कडेनं चार असतील तर नवीन फुल प्रेशर. तसं निघालं तर मग १४ वाईट, मग बोलू.

आणि गाडी बंद ठेव म्हणालो ते यासाठी की वीस वर्षांत ऑइलचा गाळ बसून चेंबरमधल्या त्या नळ्या आणि वाट्या भरलेल्या असणार. मीटर १४ दाखवेल, मेनला ऑइल जाईल, आणि बिगएंड कोरडा मरेल, मीटरला पत्ताच लागणार नाही. हा मीटर खोटं बोलत नाही पण तो फक्त अर्ध्या घराची खबर देतो. चेंबर उतरव, नळ्या तारेनं साफ कर, वाट्या पूस, मगच सेल्फ मार. साफ केल्याशिवाय नवीन डिटर्जंटवालं ऑइल टाकशील तर गाळ सुटून नेमका त्या नळ्यांत जाऊन बसेल.

दुसरा मीटर ऑइलचा नाहीच. रेस दिली की खाली पडणारा ३० आकड्याचा मीटर म्हणजे व्हॅक्युम मीटर. त्याची नळी कुठं जाते ते बघ, इनटेक मॅनिफोल्डवर वायपरच्या नळीला टी मारलेला सापडेल. ३० म्हणजे पाऱ्याचे इंच.

गुऱ्हाळवाला_रहिमतपूर

मिस्त्री काका, काय बोलू. टॅपेट कव्हरला वरून दोनच नट हायेत, मधोमध. आणि दुसऱ्या मीटरची नळी खरंच वायपरच्या नळीला टी मारून जोडलीया, रबर कडक होऊन पापडासारखं झालंय. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले परत एकदा वाच.

गाडी बंद केली. चेंबर या रविवारी उतरवतो.

पण व्हॅक्युम मीटर ट्रकला कशाला? आणि १७ म्हणजे चांगलं का वाईट?

जीपवाला_तासगाव

चांगलं आहे रे. चांगल्या इंजिनाचा काटा आयडलला १७ ते २१ मध्ये आणि हलत नाही पायजे. ठरावीक ठोक्याला झटका मारत असला तर व्हॉल्व्ह जळालाय किंवा अडकतोय. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ते १७-२१ समुद्राजवळचं गणित. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा. सातारा साधारण ७०० मीटरवर, म्हणजे दोनेक इंच असेच गेले. तुमच्याकडं १७ म्हणजे मुंबईत १९. महाबळेश्वरला घेऊन जा, तिथं उभ्या गाडीत १५ दाखवेल आणि तू परत इथं लिहशील इंजिन संपलं म्हणून 😄

पेट्रोलच्या काट्याचं सोपं आहे, टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकव, काटा फुल गेला तर मीटर चांगला, टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काट्याला माप देणारा, तो गेलाय.

बाकी कंपनीचे जादा ऑप्शन म्हणशील तर आमच्या जीपचं ऐक. आमच्याकडं विलीज होती, आजोबांनी शेतीसाठीच घेतलेली. डॅशवर एक हँडल, ओढलं की कटकट करत एकेक खाचेत बसायचं. लहानपणी आम्ही त्याला हॅंडब्रेक समजायचो आणि मार खायचो. तो गव्हर्नरचा कंट्रोल. नऊ खाचा, पहिल्या खाचेला इंजिन १००० आरपीएम धरून ठेवायचं, पुढं प्रत्येक खाचेला २०० वाढ, शेवटची २६००. टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्यांचा मीटर) नाही काही नाही, खाच मोजायची, तोच मीटर. मागं पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या दांड्याला, पट्ट्याची पुली लावलेली, त्याच्यावर शेंगा फोडायची मशीन चालायची. शेंगांचा भार पडला की इंजिन दबायचं आणि गव्हर्नर आपोआप थ्रॉटल उघडून परत वेगावर आणायचा, कुणी पाय द्यायची गरज नाही. ड्रायव्हर सीटवर नाहीच आणि जीप स्वतः रेस घेतीय, गावातली पोरं बघायला जमायची. हंगाम झाला की तीच जीप लग्नाच्या वरातीत.

आमच्या काकांनी ते गव्हर्नर "फालतू गडबड" म्हणून भंगारात घातलं. हँडल मात्र डॅशवर राहिलं, अजून ओढलं की कटकट वाजतं, पुढं काहीच जोडलेलं नाही. म्हणून सांगतो, काढू नको काही.

मिस्त्री_मिरज

जीपवाले, जरा थांबा. पेट्रोल मीटरचं तुम्ही सांगितलं ते जीपचं, शेवरोलेटमध्ये बरोबर उलटं आहे, पोरगं मीटर जाळून बसेल नाहीतर फ्लोट विनाकारण बदलेल.

विलीजच्या त्या एका मोठ्या गोलातल्या क्लस्टरला टाकीतला फ्लोट फुलला १० ओम आणि रिकाम्याला ७३ ओम. वायर बॉडीला टेकवली की फुल, सोडली की रिकामी. शेवरोलेटचा त्या काळचा फ्लोट रिकाम्याला ० आणि फुलला ३० ओम. म्हणजे वायर बॉडीला टेकवली की रिकामी, आणि वायर तुटली किंवा अर्थ सुटला की काटा फुलच्या पलीकडं. रहिमतपूरकरांचा काटा नेमका तिथंच जाऊन बसलाय. माझा अंदाज फ्लोटचा अर्थ सुटलाय, गंजानं.

पण त्याआधी ती १२ व्होल्टची बॅटरी काढ. गाडी ६ व्होल्टची आहे, निगेटिव्ह अर्थ. सेल्फ १२ वर जोरात फिरतो म्हणून सगळ्यांना आवडतं, मीटरची कॉइल मात्र त्याच्यासाठी नाही. १२ ठेवायचंच असेल तर पेट्रोल मीटरला रेझिस्टन्स लाव. ६ वर सेल्फ हळू वाटतो तर बॅटरीची वायर जाड घे, मोटारसायकलच्या जाडीची वायर लावून लोक ६ व्होल्टला शिव्या देतात.

टाकी सीटच्या मागं केबिनमध्येच असेल, फ्लोट वरूनच दिसतो. बिडी ओढत बघू नको.

जीपवाला_तासगाव

काका मान्य. मी आमच्या जीपवरनं बोललो. एकाच काळातल्या दोन अमेरिकन गाड्या आणि एवढं साधं उलटं, काय म्हणायचं यांना.

पलूस_ते_टेक्सास

धागा वाचून राहवलं नाही. मूळ पलूसचा, आता इकडं. इथं दर महिन्याला कुठं ना कुठं जुन्या पिकअपचा मेळा असतो आणि अर्धी भांडणं "हे फॅक्टरीचं का नंतर बसवलेलं" यावरच.

तुमची गाडी ज्या पिढीतली ना, १९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंतची, त्यात ऑप्शन कशाला म्हणायचे ऐकाल तर हसाल. मागचा बंपर, ऑप्शन. मागचा दुसरा लाल दिवा, ऑप्शन, कंपनी एकच दिवा देत होती. ऑइल फिल्टर, ऑप्शन! तुमच्या इंजिनाच्या बाजूला डब्यासारखा फिल्टर लटकत असेल तर आजोबांनी किंवा डीलरनं जादा पैसे मोजलेले. हीटर ऑप्शन, तो तुमच्याकडं नसणारच. केबिनच्या मागच्या कोपऱ्यातल्या वळलेल्या काचा, ऑप्शन, डीलक्स केबिन. इथं लोक त्या कोपऱ्याच्या काचांसाठी वेडे होतात.

व्हॅक्युम मीटर मात्र तुमच्या वर्षाला कंपनीच्या डॅशमध्ये नव्हता. तो पुढं आला, १९६७ ते ७२ च्या शेवरोलेट आणि जीएमसी पिकअपला मागवता येत होता आणि फार थोड्यांनी मागवला. त्याच पिढीत टॅकोमीटर पण मिळायचा. तो घेतला की उजवीकडचा मोठा पेट्रोलचा मीटर जायचा, त्या जागी टॅक, आणि पेट्रोलचा छोटा होऊन मध्ये सरकायचा. साध्या गाड्यांना तर ऑइल आणि चार्जिंगचे नुसते दिवे. आता त्या टॅकवाल्या डॅशला एवढी मागणी आहे की साध्या गाडीत टॅक बसवून "ओरिजिनल" म्हणून विकणारे खंडीभर. पकडायचं कसं, तर त्या गाड्यांच्या ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाचं लेबल चिकटवलेलं असतं, कारखान्यातनं निघताना कुठले ऑप्शन होते त्यांचे कोड. टॅकचा कोड यू१६. लेबलवर नाही आणि डॅशवर आहे, म्हणजे नंतरचा. लेबलच फाटलेलं, म्हणजे मालक हुशार.

सत्तरच्या दशकात पेट्रोल महागल्यावर तोच व्हॅक्युम मीटर त्यांनी "इकॉनोमाइंडर" नाव देऊन परत विकला, आकडे काढून हिरवा पट्टा लावला. म्हणजे पाय जड झाला की काटा सांगणार, हळू घे. यंत्र तेच.

तुमच्या ५१ ला असलं लेबल नाही. तुमच्याकडं शोधायची जागा वेगळी. त्या लटकत्या मीटरची पट्टी सोडवा आणि पट्टीखालचा रंग बघा. पट्टीखाली डॅशचा जुना रंग शाबूत असेल आणि भोकाच्या कडेला रंग उडून पत्रा दिसत असेल तर रंग झाल्यावर ड्रिल मारलंय, म्हणजे गाडी बाहेर पडल्यावर कुणीतरी बसवलाय. पट्टीचे स्क्रू कुठले, देशी का जुने अमेरिकन, ते पण बघा.

पुण्याच्या पार्टीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सगळं_नवीन_बसवा

म्हणजे ती पार्टी खोटं बोलत होती की तुम्ही? जर ऑप्शन नसेल तर पैसे का देतील.

पलूस_ते_टेक्सास

जादा मीटरसाठी नाही देत भाऊ. त्यांना ३० वाला मूळ मीटरसेट पायजे, तोही उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतला, तबकडीवरचे आकडे न उडालेला. जादा मीटर म्हणजे भाजीवर कोथिंबीर.

पासिंगचं_बघा

मीटर विकायच्या आधी एक विचार करा. २०२१ ला केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, मोठे फेरफार नसलेली. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, नंबरात व्हीए अक्षरं येतात. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच रस्त्यावर काढायची, गूळ वाहायचा नाही. आणि मुख्य म्हणजे तो नियम खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळं तुमच्या जुन्या आरसी पुस्तकात (नोंदणीच्या) ती मालवाहू म्हणून चढलीय की खाजगी हे आधी बघा. पुस्तक आहे ना? नसेल तर मीटर राहू दे, आधी पुस्तक शोधा.

गुऱ्हाळवाला_रहिमतपूर

पुस्तक हाय, आजीच्या ट्रंकेत, लाल फडक्यात. अजून उघडून वाचलं नाय, कडा तुटतायत. साताऱ्याला घेऊन जातो.

टेंपरेचर मीटरचं कुणीच काय बोललं नाय. ती तोडलेली तार परत जोडता येती का? बिनकाट्याची गाडी चालवायला भीती वाटती, रेडिएटर जुना.

मिस्त्री_मिरज

मुद्दाम बोललो नाही, वाईट वाटलं वाचून. ती तार नव्हती, ती नळी. केसासारखी पोकळ तांब्याची नळी, टोकाला इंजिनाच्या हेडमध्ये जाणारा फुगा, आत इथर. इंजिन तापलं की इथरची वाफ होते, दाब नळीतनं मीटरमध्ये येतो आणि काटा ढकलतो. वीज लागत नाही. तोडली त्याक्षणी इथर उडून गेलं, आता जोडून उपयोग नाही.

पण मीटर मेला नाही. करायचं असं. दुसरा कुठलाही तसलाच नळीवाला टेंपरेचर मीटर घ्यायचा, जुन्या बाजारात मिळतो, ज्याचा फुगा आणि नळी धड आहे. त्याचा फुगा बर्फ आणि मिठाच्या बादलीत बुडवून ठेवायचा, चांगला अर्धा तास. आईस्क्रीमच्या पॉटला घालतो तसं, मिठानं बर्फ शून्याच्या खाली जातं. आतलं इथर गार होऊन फुग्यात गोळा होतं, दाब राहत नाही, मग नळी कापली तरी ते बाहेर येत नाही. कापलेलं टोक आणि तुझ्या मीटरचं टोक, दोन्ही एका बारीक तांब्याच्या तुकड्यात दोन्हीकडनं घालायचं आणि झाळ मारायची, फुगा सगळा वेळ बर्फातच. झाळ गार झाली की फुगा बाहेर, मग कढत पाण्यात घालून काटा उठतो का बघायचं. उकळत्या पाण्यात किती दाखवतो त्यावरनं मीटर बरोबर आहे का कळतं, तुमच्याकडं पाणी ९८ च्या आसपास उकळतं तेवढं ध्यानात ठेव.

इथर पेट्रोलपेक्षा वाईट पेटतं. ज्योतीची झाळ नको, झाळायची विजेची इस्त्री (सोल्डरिंगची) घे, उघड्यावर बस, शेजारी कुणी विडीवाला नको. झाळ जास्त लागली तर नळीचं भोक बुजतं, ती खरी गंमत. मी शंभरात चार-पाच बुजवलेत. मिरजेत सतारीच्या तारा ओढणारी माणसं शेजारी होती, त्यांच्याकडनं बारीक तार घेऊन ठेवायचो, जोडायच्या आधी नळीत घालून बघायला की भोक मोकळं आहे का.

तुला जमत नसेल तर मीटर घेऊन ये, हात माझे नसले तरी नातवाचे आहेत.

जीपवाला_तासगाव

काका, आमच्या गव्हर्नरचं पण काहीतरी सांगा की नातवाला.

गुऱ्हाळवाला_रहिमतपूर

तीन आठवड्यांनी लिहितोय, हळदीच्या गडबडीत होतो.

चेंबर उतरवलं. खाली गुळाच्या काकवीसारखा काळा गाळ दोन बोटं. सहा नळ्यांपैकी दोन पूर्ण बंद, एक अर्धी. सायकलच्या स्पोकनं साफ केल्या, वाट्या रॉकेलनं धुतल्या. कनेक्टिंगचे चमचे सगळे शाबूत. किर्लोस्करवाडीला ऑइल इंजिनांवर काम केलेले एक फिटर आजोबा वडिलांच्या ओळखीचे, त्यांनी बिगएंडच्या टोप्या उघडून बघितल्या, व्हाइट मेटलला नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले अजून वीस वर्षं बघायला नको, फक्त पळवू नका. आणि हो, इंजिनाच्या बाजूला डबा हाय! ऑइल फिल्टरचा. आम्ही त्याला कायतरी पेट्रोलचं समजत होतो.

६ व्होल्टची बॅटरी आणि अंगठ्याएवढी जाड वायर लावली. पेट्रोलचा फ्लोट खरंच अर्थ सुटलेला, पत्रा घासून एक स्क्रू आवळला, काटा खाली आला आणि पाच लिटरवर येऊन थांबला. वडिलांनी त्या स्क्रूला हात जोडले.

आता तो जादा मीटर. पट्टी सोडवली. खाली डॅशचा गडद हिरवा रंग एकदम नवा, आणि भोकाच्या कडेला पत्रा उघडा, वाकडं ड्रिल. म्हणजे नंतरचाच. हिरमुसलो जरा. पट्टी हातात घेऊन आजीला दाखवायला नेली. तिनं चष्मा लावला आणि म्हणाली, "हे तर पेट्रोल खायाचं घड्याळ." म्हणली आजोबांनी मुंबईहून आणलं, ड्रायव्हर गडी लई रेस द्यायचा म्हणून. कराडच्या चढाला त्याला सांगायचे, काटा धाच्या खाली गेला तर पगारातनं कापीन. तो गडी मग काट्याकडंच बघत चालवायचा आणि एकदा मसूरच्या पुढं म्हशीला धडकला.

पार्टीला नाय म्हणून कळवलं. मीटर परत त्याच वाकड्या भोकात बसवला, रबर नवीन टाकलं. काल रस्त्यावर ऑइल १४, व्हॅक्युम १७, हलत नाय.

टेक्सासवाले दादा, एक राहिलं. मागं खरंच एकच दिवा हाय, आणि दुसऱ्या बाजूला त्याची जागाबी नाय. पोलीस विचारतात. दुसरा तसला दिवा इकडं कुठं मिळंल का, का तिकडनं पाठवता येईल?

पलूस_ते_टेक्सास

ब्रॅकेटसकट मिळतो. मार्चमध्ये पलूसला येतोय, बॅगेत घालून आणतो. गाडीत बसवाल ना एकदा?

मिस्त्री_मिरज

टेंपरेचर मीटर आणायचा राहिला. बर्फ मी सांगून ठेवतो.